केतकीसाठी कॉफीचं मशीन

पहिलं मशीन ज्या टेंपोतून घरी आलं, त्याच टेंपोतून पहिली केतकी आली.

ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती. उतरल्यावर तिने ओढणी सारखी केली, मागच्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, जरा जपून उतरवायला सांगा. आडवं करायचं नाही."

मी खोकं जपून उतरवून घेतलं. केतकीचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं आणि दिवाळीला अजून बराच अवकाश होता. पण स्वतःची मुलगी फाटकात उभी असताना तिला तिकिटाचं कसं विचारणार? माझी बायको कुमुद तोवर भाकरतुकडा आणायला आत पळाली होती. तिने केतकीवरून तो ओवाळून टाकला, डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, "अहो, बघत काय राहिलात? बॅग घ्या." बॅग घ्यायला मी वाकलो. बॅग नव्हती.

मशीन घ्यायचं ठरलं तेच मुळी केतकीमुळे. ती पोर्तुगालमध्ये नोकरी करते, बरीच वर्षं झाली. सुरुवातीला दर उन्हाळ्यात यायची, मग एका उन्हाळ्याआड, मग नुसता फोन यायचा, आणि तोही आखूड होत गेला. या वर्षी तिने महिनाभर येते म्हणून कळवलं आणि बोलता बोलता विचारलं की सांगलीत बरी कॉफी कुठे मिळते का. आम्ही दोघं चहावाले. तिने सहज विचारलं असेल, पण कुमुदने त्यात अट ऐकली. कॉफी मिळाली नाही तर पोरगी आठवड्यात परत जाईल, असं तिने मनाशी धरलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला विश्रामबागेतल्या दुकानात पाठवलं.

माझं नाव विश्वनाथ टिळेकर. नोकरी सगळी वीज मंडळात झाली. लोकांच्या घरचे मीटर बरोबर चालतात की कुणी त्यांत काही करून ठेवलंय, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घ्यायची मला सवय नाही. दुकानाचे मालक शहापुरे मला काका म्हणतात. त्यांनी मला एकही मशीन चालवून दाखवलं नाही. केतकीबद्दलच विचारत राहिले. ती दूध घालून पिते की बिनदुधाची? उठल्या उठल्या घाईत पिते की सावकाश? पिताना कुणी बोललेलं तिला चालतं का? मला यातलं काहीच सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "मग ट्रायलवर न्या, काका. घरगुती मशीन दुकानात कळत नाही, घरातच कळतं. नाही पटलं तर दुसरं देतो."

हे पहिलं मशीन कॅप्सूलचं होतं. खोबणीत पूड भरलेली एक छोटी कॅप्सूल टाकायची आणि बटण दाबायचं, की कपभर कॉफी येते. रिकामी कॅप्सूल मग कचऱ्यात. केतकीने पहिल्या संध्याकाळीच आम्हाला कॉफी करून दिली. फेस छान होता. कुमुदने तीन चमचे साखर घालून ती प्यायली आणि चहापेक्षा बरी आहे म्हणून सांगितलं. केतकी हसली. तिचं हसणं केतकीचंच होतं, खालचा ओठ किंचित डावीकडे जायचा. मी ते नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सहज विचारलं, शिकवणीहून येताना सायकलवरून पडली होतीस ते आठवतं का. ती म्हणाली, "हो बाबा. स्टेशन चौकात. तुम्ही माझ्या हातावर गूळ ठेवला होता." ते खरं होतं, आणि मला बरं वाटलं. दुपारी जेवताना मी पुन्हा तेच विचारलं. ती म्हणाली, "हो बाबा. स्टेशन चौकात. तुम्ही माझ्या हातावर गूळ ठेवला होता." आवाज तोच, आणि 'गूळ' म्हणताना ओठ डावीकडे गेला तोही तेवढाच. उत्तर देऊन झालं की ती उठायची, कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायची आणि हात झटकून परत यायची. मी डब्यात डोकावून बघितलं. कॅप्सूल पडल्या होत्या, पण आम्ही प्यायलेल्या कॉफीच्या मानाने जास्त होत्या.

घरात पंखे लागोत, इस्त्री लागो, पाण्याची मोटर लागो, रीडिंग हलतच नाही असा मीटर मी खूप वेळा पाहिला आहे. असा मीटर चांगला नसतो. त्यात कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. मी कुमुदला तसं बोललो. तिला राग आला. पोटच्या पोरीला मीटर म्हणता, असं म्हणाली. मी तिला स्वतः विचारून बघ म्हटलं, तर तिने ओट्याकडे तोंड फिरवलं. तिनेही विचारून बघितलं असावं.

मी शहापुऱ्यांना फोन केला. मशीन वाईट नाही, चव रोज सारखी येते, पण आमच्या घराला ते चालेल असं वाटत नाही, असं काहीसं सांगत होतो.

"ताई पटल्या नाहीत," ते म्हणाले.

"मी मशीनबद्दल बोलतोय."

"तेच ते, काका."

टेंपो आला तेव्हा केतकीने मशीन पुसून, थर्माकोल लावून खोक्यात भरून ठेवलं होतं. ती पुढे चढली आणि खोकं मांडीवर घेऊन बसली. कुमुद बाहेर आली नाही. मला राहवलं नाही, मी खिडकीपाशी जाऊन तिला विचारलं की आता कुठे जाणार. ती माझ्याकडे बघून हसली.

"हो बाबा. स्टेशन चौकात," ती म्हणाली. टेंपो वळणावरून दिसेनासा झाला.

दुसरं मशीन पूर्ण ऑटोमॅटिक होतं. बिया तेच दळायचं, पूड तेच दाबायचं, दूधही तेच तापवून फेसाळून द्यायचं. पुढच्या बाजूला छोटा पडदा होता आणि त्यावर मराठी अक्षरं उमटायची. ते ओट्यावर मावेना म्हणून गॅसची शेगडी कडेला सरकवावी लागली. त्याच्याबरोबरची केतकी टेंपोतून उतरली ती बोलतच. हिच्याकडे बॅगा होत्या. कुमुदला रेशमी रुमाल, मला चामड्याचं पाकीट. आणि ती मला 'तू' म्हणाली. केतकी मला नेहमी 'तुम्ही' म्हणते. लहानपणी ती मला 'तू' म्हणायची तेव्हाचं ते 'तू' होतं, आणि ते माझ्या मनात आहे हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ही केतकी घरात रमली. कुमुदबरोबर भाजी आणायला जायची, शेजारच्या वैद्यबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायची, मला औषधांची आठवण करून द्यायची. मला कडक कॉफी, कुमुदला दुधाळ, आणि दोन-चार दिवसांत मी खुर्चीवरून उठायच्या आधीच माझा कप पुढे येऊ लागला. मी तिला काही विचारलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मग तिच्या गळ्यात बारीक घरघर व्हायची, बिया दळताना होते तशी, आणि मग उत्तर यायचं. ते मला हवं तसंच असायचं.

एका दुपारी मी मुद्दाम खोटं बोललो. चिंचेच्या झाडावरून पडून तुझं कोपर मोडलं होतं, तेव्हा किती रडली होतीस, असं म्हणालो. केतकी आयुष्यात कधी झाडावर चढलेली नाही. तिच्या गळ्यात घरघर झाली. मग तिला सगळं आठवलं. शाळेमागचं झाड, निळा स्कर्ट, प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांच्या हाताचा वास. तिने बाही वर केली. कोपराजवळची कातडी पांढरट होती, बरेच दिवस प्लॅस्टरमध्ये राहिल्यासारखी.

"पण तू झाडावर कधी चढलीच नव्हतीस," मी म्हणालो.

पुन्हा घरघर झाली. "हो ना," ती म्हणाली, "झाडावर मी कधी चढलेच नाही." आणि बाही खाली केली.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी केतकीच्या पोर्तुगालच्या नंबरवर फोन लावला. स्वयंपाकघरात रिंग वाजली. मी जाऊन बघितलं तर मशीनच्या पडद्यावर 'बाबा' अशी अक्षरं आली होती आणि मंद उघडझाप करत होती. मी फोन बंद केला नाही, तसाच धरून उभा राहिलो. केतकी टॉवेलने केस पुसत आली, पडद्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "उचलू का?" मग मी फोन बंद केला.

त्या दिवशी कुमुदशी माझं बोलणं झालं. वाद म्हणता येणार नाही, कारण तिने आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं की तिला काही कळलेलं नाही. तिला सगळं कळत होतं. फोनची रिंगही तिने ऐकली होती.

"राहू दे हिला," ती म्हणाली. "हिच्यात काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही. तेच तर सांगतोय."

"तुम्हाला खरी कोण ते शोधायचंय. मला जेवायला समोर कुणीतरी बसायला हवंय."

पण माझा संशय गेला नाही. उलट मला स्वतःचाच संशय येऊ लागला, कारण ती केतकी मलाही आवडायला लागली होती. सकाळी जाग आली की आधी तिच्या गळ्यातली ती घरघर ऐकू येते का, याकडे माझा कान असायचा. अजून थोडे दिवस गेले तर तपासायचं राहूनच जाईल, हे मला दिसत होतं. म्हणून कुमुद भिशीला गेलेली असताना मी टेंपो बोलावला.

केतकीने काही विचारलं नाही. मशीनची टाकी रिकामी केली, ट्रे धुतला, रुमाल आणि पाकीट परत बॅगेत घातलं. मला वाटलं होतं ती रडेल आणि मग मी तिला ठेवून घेईन. टेंपोत बसल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. हात कोमट होता.

"बरोबर केलंस, बाबा," ती म्हणाली.

कुमुद परत आली, मोकळा ओटा बघितला, आणि शेगडी सरकवून पुन्हा जागेवर आणली. तिने माझ्यापुरतंच ताट वाढलं. सकाळी चांगली साडी नेसून ती एकटीच रिक्षाने विश्रामबागेत गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर एवढंच म्हणाली की मशीन सांगून आलेय. कुठलं, ते बोलली नाही. शहापुऱ्यांशी इतका वेळ काय बोललीस हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती बेदाण्यांची देठं काढत होती, आणि दोन्ही वेळा तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या मशीनला वायरच नव्हती. काळं, जड, लोखंडी मशीन होतं आणि वर एक लांब दांडी. गॅसवर पाणी उकळायचं, ते वरून ओतायचं, दांडी जोर लावून खाली ओढायची. आत स्प्रिंग आहे, ती दांडीला सावकाश वर ढकलते आणि तेवढ्या दाबाने कॉफी खाली उतरते. मी ते सगळीकडून बघितलं. ज्या वस्तूत वीज नाही तिला मी काय तपासणार? कुमुदने हेच का आणलं असेल, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

टेंपोत फक्त ड्रायव्हर होता. मशीन ठेवून तो निघून गेला. आम्ही वाट बघत बसलो. दुपार उतरल्यावर फाटकात रिक्षा थांबली आणि भांडण ऐकू आलं. केतकी रिक्षावाल्याशी भांडत होती. तिच्या कपड्यांवर धूळ होती, केसांत पांढऱ्या बटा होत्या, आणि ती माझ्या केतकीपेक्षा मोठी दिसत होती. की केतकी आता एवढीच दिसत असेल, मला ठरवता येईना. कुमुद भाकरतुकडा घेऊन पुढे झाली तर ती म्हणाली, "आई, ते राहू दे. आधी पाणी दे."

तिने केलेली पहिली कॉफी आंबट झाली. ती तिने बेसिनमध्ये थुंकली. दुसरी इतकी कडू होती की कुमुदने कप उचलला तसा खाली ठेवला. त्यानंतर केतकीचं बोट भाजलं. तिने शिवी दिली. ती कुठल्या भाषेतली ते कळलं नाही. तिसरी तिने एकटीने प्यायली आणि कशी झाली ते आम्हाला सांगितलं नाही.

मी तिला सायकलचं विचारलं.

"कुठली सायकल? मला सायकल येत नाही," ती म्हणाली.

मी चिंचेच्या झाडाचं विचारलं. मग तिनेच उलट विचारलं, गोट्या कधी गेला. मी म्हणालो, कोण गोट्या. आपला कुत्रा, ती म्हणाली. तपकिरी, एक कान पडलेला. तुमच्या पायांशी झोपायचा, तुम्ही पाय हलवला की गुरगुरायचा.

आमच्या घरात कधीही कुत्रा नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण अखेर हिची चूक सापडली होती. मी कुमुदला हाक मारून विचारलं. कुमुद हात पुसत आली.

"गोट्या? होता की," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभर कुणाशी बोलत नव्हता तो गेल्यावर."

मी मागच्या दाराशी गेलो. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे होते. ते ताजे नव्हते. त्यावरून रंगाचा हात फिरलेला होता, आणि तो रंग मीच लावलेला होता, हे मला आठवत होतं. ओरखडे तेवढे आठवत नव्हते. मी शहापुऱ्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले की कुत्रा त्यांच्याकडून गेलेला नाही.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की केतकी माझ्याकडे बघते. मी पेपर वाचताना, दाढी करताना, देवापुढे उभा असताना बघते. सकाळी तिने मला विचारलं की ती पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा मी विमानतळावर काय म्हणालो होतो. मी सांगितलं, "पोचल्यावर फोन कर, आणि कुठल्याही प्लगात काही घालण्याआधी तो कोरडा आहे का बघ." सांगताना मला थोडं हसू आलं. दुपारी ताक पिताना तिने पुन्हा तेच विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, पोचल्यावर फोन कर, आणि कुठल्याही प्लगात, आणि मला ऐकू आलं की मी तेच शब्द, त्याच क्रमाने, तेवढ्याच सावकाश बोलतोय. हसूही आलं, सकाळी आलं होतं त्याच ठिकाणी. मला थांबता आलं नाही. बोलून झाल्यावर उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

केतकीने ताकाचा ग्लास खाली ठेवला.

"तू मला तपासतेयस," मी म्हणालो.

"तुम्ही मला तपासत नाही?"

"माझी गोष्ट वेगळी. हे माझं घर आहे."

"याआधी मी मिरजेला होते," ती म्हणाली. "त्याआधी तासगावला. तिथेही बाबा होते. सगळे वीज मंडळातून निवृत्त. सगळे म्हणाले, हे माझं घर आहे."

मी विचारलं, ते कसे होते. तिने नीट आठवून सांगितलं. तासगावचे तिच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवायचे. मिरजेचे चांगले होते, त्यांना गोट्याही आठवत होता, पण ते तिला फार जपायचे. दांडीला हात लावू द्यायचे नाहीत, भाजेल म्हणायचे. सगळी कॉफी स्वतः करून द्यायचे. तिथून तिने मशीन परत पाठवलं.

"आणि मी?"

"अजून बघतेय," ती म्हणाली आणि ग्लास विसळायला घेऊन गेली.

मी शहापुऱ्यांना पुन्हा फोन लावला. ट्रायल नक्की कुणाची चालली आहे, असं मी सरळ विचारलं. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. ट्रायल दोन्हीकडून असते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात म्हणाले, मला सांगायचं राहिलं असेल. पण काकूंना सगळं नीट समजावलंय, काकूंनी बरोबर विचार करून मशीन निवडलंय. मग ते म्हणाले, "आम्ही येऊन जातो. राहतंय की जातंय, ते ताई सांगतील."

कुमुद गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. मी तिच्यामागे उभा राहिलो आणि तिसऱ्यांदा विचारलं की दुकानात ती शहापुऱ्यांना काय म्हणाली. या वेळी तिने उत्तर दिलं. माझ्या हातात चादरीची दोन टोकं देत म्हणाली, "मी म्हटलं, जिला आम्ही आवडू अशी द्या."

आम्ही चादरीची घडी घातली. घडी घालताना दोन माणसं एकमेकांजवळ येतात, पुन्हा लांब जातात. ती जवळ आली की मी तिच्याकडे नीट बघत होतो. आम्ही म्हणजे कोण, हे तिला विचारायचं होतं. तिने आम्ही म्हटलं तेव्हा त्यात मी होतो, की माझ्या जागी कोणीही चालला असता? तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने घडी माझ्या हातातून काढून घेतली आणि जिना उतरून गेली.

मग मी बदलायचा प्रयत्न केला. केतकीने काही विचारलं की मी तेच उत्तर वेगळ्या शब्दांत द्यायचो. पण शब्द शोधायला थांबलो की माझ्या गळ्यात काहीतरी होतंय असं वाटायचं, आणि मी खाकरून ते दाबायचो. मान डोलवायची नाही, असं ठरवल्यामुळे मान दुखू लागली. तिला जपायचं नाही, म्हणून तिचं बोट पुन्हा भाजलं तेव्हा मी जागचा हललो नाही, आणि तिने ते पाहिलं. नळाखाली बोट धरून ती बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तीच खरी आहे, मी ओळखलंय. पण ते मी तिला खूश करायला म्हणतोय की खरंच ओळखलंय, हे मला सांगता आलं नसतं. आणि तिने विचारलंच असतं.

शहापुरे यायचे त्या दिवशी सकाळी कुमुदने उंबरा धुतला आणि मोठी रांगोळी काढली. आत येऊन तिने रेशमी साडी नेसली. केतकीने गॅसवर पाणी ठेवलं, बिया दळल्या, पूड भांड्यात घालून अंगठ्याने दाबली. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या. तिने पाणी ओतलं आणि दांडीला दोन्ही हात घातले. दांडी अर्ध्यावर येऊन थांबली.

"बाबा, इकडे या," ती म्हणाली. "मला एकटीला जमत नाही."

मी उठलो. इतक्या दिवसांत तिने मला मशीनजवळ बोलावलं नव्हतं. तिच्या हातांशेजारी मी माझे हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून दांडी खाली आणली. स्प्रिंगचा जोर हाताला कळत होता. वस्तू चालू आहे की नाही ते मी आयुष्यभर काट्यावर आणि चकतीवर बघितलं होतं, ते आता मनगटात कळत होतं. केतकीच्या कपाळावर घाम होता. तिच्या केसांना धुळीचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. ती मशीनच्या तोंडाकडे बघत होती, जिथून कॉफी उतरते तिथे.

"पहिला थेंब येईपर्यंत अशीच धरायची," ती म्हणाली. "मधे सुटली तर दांडी उसळते."

बेल वाजली.

कुमुद दाराकडे गेली. कडी निघाली. शहापुऱ्यांचा आवाज ऐकू आला, रांगोळीवर पाय नको म्हणून ते कुणाला तरी बाजूने यायला सांगत होते. मग चपला काढल्याचा आवाज झाला आणि एक पुरुष म्हणाला, "कुमुद, अगं, किती दिवसांनी." आवाज माझा होता. मी फोनवर रेकॉर्ड केला की ऐकू येतो तसा, थोडा बारीक. कुमुद हसली. ती अशी हसते हे मी विसरून गेलो होतो.

पावलं पॅसेजमधून आत येऊ लागली. ती माझ्यासारखीच उजव्या पायावर किंचित जोर देऊन पडत होती.

"केतकी," मी म्हणालो.

"सोडू नका," ती म्हणाली. तिने आपले हात एकेक करून दांडीवरून काढून घेतले, ओढणीला पुसले आणि दाराकडे वळली. दांडीचा सगळा जोर माझ्या हातांत आला. खाली, मशीनच्या तोंडाशी, एक काळा थेंब जमला, फुगला, लांब झाला आणि तसाच लोंबत राहिला.